पाळणाघरातली दुपारची झोप: पाच मुलं, पाच वयं, वेळा कशा बसवायच्या?

चिमणघर

मी घरीच पाळणाघर चालवते. सध्या पाच मुलं आहेत. सगळ्यात धाकटी ५ महिन्यांची, मग १० महिन्यांचा एक मुलगा, १५ महिन्यांची एक मुलगी, अडीच वर्षांचा एक आणि ४ वर्षांची एक. अकरा ते तीन मदतीला एक मावशी असतात, बाकी वेळ मी एकटी.

खेळ, खाणं, शी-शू, भांडणं यांची घडी बसलीय. घोडं अडतं ते झोपेपाशी. धाकटीला जेमतेम निजवावं, तर दहा महिन्यांचा उठतो. त्याला घेऊन बसावं, तर पंधरा महिन्यांची जेवता जेवता पेंगायला लागते. तोंडात घास तसाच, मान ताटावर. तिला उचलून गादीवर ठेवेपर्यंत तिची झोप उडते आणि मग संध्याकाळपर्यंत नुसती किरकिर. चार वर्षांची दुपारी झोपत नाही, तिचा आवाज बारीक ठेवायचा म्हटला तरी किती ठेवणार? त्यात अडीच वर्षांच्याच्या आईने सांगितलंय की त्याला अर्ध्या तासाच्या वर झोपू देऊ नका, रात्री साडेदहापर्यंत जागा असतो. गाढ झोपलेल्या मुलाला अर्ध्या तासात उठवायला माझा हात धजावत नाही.

सगळ्यांना एकाच वेळी निजवायचं, की ज्याला जेव्हा येईल तेव्हा? जे पाळणाघर चालवतात किंवा ज्यांची मुलं पाळणाघरात जातात, त्यांनी सांगा.

अंगणवेल

ताई, मीही बरीच वर्षं हेच काम करतेय. माझं सरळ मत सांगते. पाच मुलांची पाच वेळापत्रकं सांभाळायला गेलात तर दिवसभर कुणाला तरी निजवतच बसाल. आणि सगळ्यांना एकाच वेळी आडवं करायला गेलात तर लहान दोघांचे हाल होतील. मधला मार्ग असा की दुपारची एक वेळ मोठ्यांसाठी पक्की धरायची आणि लहानांच्या झोपा तिच्या जवळपास येतील अशा सकाळपासूनच सरकवत न्यायच्या. दुपारची झोप सकाळी ठरते.

त्यासाठी आधी एक माहिती लागेल: प्रत्येक मूल घरी किती वाजता उठलं. पाळणाघरात किती वाजता आलं, याचा उपयोग नाही. मी दारातच विचारून घेते आणि लिहून ठेवते. पाच महिन्यांचं बाळ साधारण दोन तास जागं राहू शकतं, दहा महिन्यांचं तीन-साडेतीन, पंधरा महिन्यांचं चार ते पाच. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, पण अंदाज बांधायला पुरतात.

तुमच्या मुलांवर बसवून बघूया. धाकटी सातला उठते असं धरलं तर नऊला एक झोप, मग बाराच्या सुमाराला दुसरी, आणि पावणेचारला एक छोटी. दहा महिन्यांचा पावणेसातला उठतो असं धरलं तर पावणेदहाला झोपेल. इथे लक्ष द्या. ही सकाळची झोप लांबली की दुपारची दोनच्या पुढे जाते आणि तेव्हा मोठी मुलं उठायला लागलेली असतात. म्हणून त्याला साडेदहाच्या आत उठवायचं, म्हणजे दीडच्या आसपास तो पुन्हा झोपेला येतो. पंधरा महिन्यांचीचं जेवण साडेअकराच्या आत उरकून बाराला गादीवर. अडीच वर्षांचा साडेबाराला.

म्हणजे दीड वाजता, धाकटी अजून उठली नसेल तर, चौघंही झोपलेली सापडतील. रोज जमणार नाही. पण अर्धा तास जरी सगळी एकदम निजली तरी पुष्कळ. मावशी असतानाच हे सगळं होतंय हेही बघा: एकीने निजवायचं, दुसरीने बाकीच्यांना धरायचं.

साखरझोप

+१. फक्त एक भर घालते. घड्याळाबरोबर मुलाकडेही बघायला हवं. कान ओढणं, डोळे चोळणं, एकटक कुठेतरी बघत बसणं, खेळणं हातातून सुटणं, ही पहिली खूण. पाठ ताणून रडायला लागलं की उशीर झाला असं समजायचं. अशा अतिदमलेल्या मुलाला निजवायला दुप्पट वेळ लागतो आणि झोपही कच्चीच लागते.

जेवताना पेंगणाऱ्या मुलीची खूण जेवणाच्या आधी वीस मिनिटं दिसत असणार. ताट त्याआधी वाढा.

चिमणघर

अंगणवेल, इतकं मांडून दिलंत, फार उपयोग झाला. पंधरा महिन्यांचीचं मात्र अजून कोडं आहे. काही दिवस ती सकाळी दहाला झोपते आणि मग दुपारी डोळा लागत नाही. काही दिवस सकाळी झोपत नाही आणि साडेअकरालाच कोसळते.

अंगणवेल

ती दोन झोपांवरून एका झोपेवर येतेय. बहुतेक मुलं १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान कधीतरी येतात, आणि हा काळ पाळणाघरवाल्यांसाठी सगळ्यात अवघड. तान्ह्यांच्या झोपा निदान ठरलेल्या असतात. इथे एक झोप कमी पडते आणि दोन जास्त होतात.

मी असं करते. आधी दोन आठवडे थांबून बघते, कारण दाढ येत असेल, सर्दी असेल, नुकतं चालायला लागलं असेल तरी मूल झोप नाकारतं आणि नंतर पूर्वपदावर येतं. तरीही तसंच चाललं तर सकाळची झोप बंद करत नाही, लहान करते. पंधरा-वीस मिनिटं, तीही साडेनऊच्या आसपास. त्याने दुपारपर्यंत दम निघतो आणि दुपारची झोप शाबूत राहते. मग दर तीन-चार दिवसांनी दुपारची वेळ पंधरा मिनिटांनी पुढे. अकराची सव्वाअकरा, मग साडेअकरा, असं करत बारा-साडेबारावर आणायची. या काळात घरच्यांना सांगायचं की रात्री नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निजवा. हे सांगितलं नाही तर तुमचं सगळं पाण्यात.

आणि जे मूल मधल्या अवस्थेत आहे त्याला एखादा दिवस दोन झोपा लागल्या तर लागू द्या. ते मागे पडणं नव्हे.

कवडसा

मी लहान मुलांच्या वॉर्डमध्ये परिचारिका आहे. वेळापत्रकावर इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत. मी फक्त निजवण्याच्या पद्धतीबद्दल लिहिते, कारण धाग्यात ५ महिन्यांचं बाळ आहे आणि हे बोलणं राहून जायला नको.

एक वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक झोपेला, अगदी दहा मिनिटांच्या डुलकीलासुद्धा, उताणंच झोपवायचं. कुशीवर नाही, पालथं नाही. गादी सपाट आणि घट्ट, वर फक्त ताणून बसवलेली चादर. उशी नको, लोड नको, सैल पांघरूण नको, मऊ खेळणं नको. थंडी असेल तर अंगात एक जास्तीचा कपडा घाला. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळू शकत असेल तर झोपेत वळल्यावर त्याला सारखं उताणं करत बसायची गरज नाही, पण ठेवताना मात्र उताणंच ठेवायचं. पालथं वळायला लागल्याची नुसती चिन्हं दिसली तरी दुपट्यात घट्ट गुंडाळणं त्याच दिवसापासून बंद.

अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आलं. इतकी साधी गोष्ट आणि इतका मोठा फरक.

दोन गोष्टी खास पाळणाघरासाठी. घरी बाळ पालथं झोपत असेल की उताणं, हे पहिल्याच दिवशी पालकांना विचारा. उताणं झोपायची सवय असलेलं बाळ दुसरीकडे पालथं ठेवलं गेलं तर धोका एकदम वाढतो, त्यामुळे मावशींनाही हे नीट समजावून सांगा. आणि गाडीतल्या सीटवर, झोपाळ्याच्या खुर्चीत किंवा बाबागाडीत पेंगत आलेलं बाळ तसंच ठेवू नका. बसल्या स्थितीत मान पुढे कलते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोप मोडली तरी चालेल, उचलून सपाट गादीवर ठेवा.

खोलीत अंधार हवा, पण ओठांचा रंग आणि छातीची हालचाल दिसेल इतका उजेड ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन बघा, दारातून नाही.

चिमणघर

कवडसा, धन्यवाद. धाकटीची आई म्हणते ती घरी आईच्या अंगावर पालथी झोपते. माझ्याकडे उताणी ठेवली की हात झटकून दचकते. तरी उताणीच ठेवू ना?

कवडसा

हो, उताणीच. दचकणं ही त्या वयाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पाच-सहा महिन्यांपर्यंत ओसरतं. ठेवताना आधी पाय, मग कुल्ले, मग पाठ आणि सगळ्यात शेवटी डोकं टेकवा. डोकं आधी टेकलं की बाळाला पडल्यासारखं वाटतं. ठेवल्यावर लगेच हात काढू नका. तळहात छातीवर हलकाच राहू द्या, तिचे दोन्ही हात पोटावर एकत्र धरा, श्वास संथ झाला की एकेक बोट उचलत काढा.

रानफूल

मी पालक म्हणून लिहितेय. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा, पाळणाघरात जातो. अडीच वर्षांच्या मुलाच्या आईची बाजू मला पूर्ण कळते. दिवसभर काम करून घरी यायचं, स्वयंपाक, आवराआवर, आणि मूल रात्री साडेदहाला ताजंतवानं. मग सकाळी सातला त्याला ओढून उठवायचं. आम्हीही आमच्या पाळणाघराला तेच सांगितलंय. दुपारी तिथे छान झोपतो याचं कौतुक वाटतं, पण त्याची किंमत रात्री आम्ही मोजतो. पाळणाघरात सगळी मुलं झोपली की त्यांनाही निवांतपणा मिळतो, म्हणून झोप लांबवतात असं कधी कधी वाटतं. रागावू नका, मनात आलं ते लिहिलं.

अंगणवेल

रागावत नाही. तुमचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाहीच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर झालेल्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. दोन वर्षांनंतर दुपारी झोपणाऱ्या मुलांची रात्रीची झोप उशिरा लागते, असं त्यात दिसलं. म्हणजे तुमचा अनुभव खरा आहे.

पण दुसरी बाजूही बघा. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांना सकाळी चित्रं कुठे आहेत ते लक्षात ठेवायचा खेळ दिला. दुपारी झोपलेल्या मुलांना तो जास्त चांगला आठवला. ज्यांना रोज दुपारी झोपायची सवय होती, त्यांच्यात झोप चुकल्याचा फटका सगळ्यात जास्त. म्हणजे ज्याला गरज आहे त्याची झोप काढून घेतली तर नुकसान आहे.

मग हिशोब चोवीस तासांचा करायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, ३ ते ४ वर्षांच्यांना १० ते १३. चिमणघर यांच्याकडचा मुलगा रात्री साडेदहाला झोपून सातला उठतो असं धरलं, तर झाले साडेआठ तास. दुपारी अर्धाच तास दिला तर झाले नऊ. अडीच वर्षांच्या मुलाला नऊ तास कमी आहेत, कुठूनही मोजा.

माझा अनुभव असा की किती वेळ झोपला यापेक्षा किती वाजता उठला, याने रात्रीचं गणित बिघडतं. साडेबारा ते दोन झोपलेलं मूल साडेआठला झोपायला तयार असतं. अडीच ते चार झोपलेलं मूल साडेआठला निजवून दाखवा! झोप तेवढीच, दीड तास. म्हणून मी पालकांशी मिनिटांवर वाद घालत नाही, उठवायची वेळ ठरवते. रानफूल, तुम्हीही तुमच्या पाळणाघरात हेच विचारून बघा: तो झोपतो किती ते ते, नुसतं किती वेळ ते नाही.

आणि निवांतपणाबद्दल. हो, ती वेळ आम्हाला हवी असते. त्या वेळात भांडी होतात, बाटल्या धुतल्या जातात, पाठ टेकते. त्यासाठी झोप लांबवणारे कुणी नसतीलच असं मी म्हणणार नाही. म्हणूनच लिहून द्या म्हणायचं: झोपला कधी, उठला कधी, आपण उठला की उठवला. मी ही चिठ्ठी रोज प्रत्येकाच्या पिशवीत घालते.

रानफूल

हे पटलं. आमच्याकडे तीन ते साडेचार अशी झोप आहे, कारण मोठी मुलं शाळेतून आल्यावर सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. आता त्यांच्याशी जेवणाच्या वेळेबद्दल बोलते.

साखरझोप

चार वर्षांच्या मुलीबद्दल कुणी लिहिलं नाही. तिला बळंच झोपवू नका. या वयात काही मुलांना झोप लागते, काहींना नाही, आणि न येणाऱ्या झोपेसाठी तासभर डोळे मिटून पडायला लावणं ही शिक्षा आहे. पण पडून राहणं तिलाही हवं. माझ्याकडे मोठ्यांसाठी वीस मिनिटं आडवं व्हायचा नियम आहे. झोप लागली तर लागली. नाही लागली तर उठून शेजारच्या खोलीत 'दुपारची पेटी' उघडायची. त्यात चित्रांची पुस्तकं, कापडी बटणपट्टी, चिकटवायची चित्रं, जाड खडू. ही पेटी फक्त त्याच वेळी निघते, म्हणून तिचं अप्रूप टिकतं. मुलगी मोठ्या माणसाच्या नजरेसमोर मात्र हवी, दार उघडं ठेवून.

मणी ओवायचे असतील तर जपून. दहा महिन्यांचा उठायच्या आधी जमिनीवरून हात फिरवून एकेक मणी उचलावा लागतो.

चिमणघर

दहा महिन्यांच्याबद्दल एक विचारायचं राहिलं. तो बरोबर पस्तीस-चाळीस मिनिटांनी उठतो. रडला की बाकीचे उठतील या भीतीने मी लगेच उचलते.

अंगणवेल

बाळांचं झोपेचं चक्र आपल्यापेक्षा छोटं असतं, पाऊण तास ते तासाभराचं. एक चक्र संपून दुसरं सुरू होताना ती अर्धवट जागी होतात, कुरकुरतात, डोळेसुद्धा उघडतात. घरी आई स्वयंपाकघरात असते, तिला यायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात बाळ पुन्हा निजतं. आपण खोलीतच बसलेल्या, आपल्याला ती दोन मिनिटं काढवत नाहीत. कुरकुर आणि रडणं यात फरक करायला शिका. कुरकुर असेल तर आवाज थांबत-थांबत येतो, रडणं असेल तर चढत जातो. कुरकुरीला जागेवरूनच हळू हुंकार द्या. चढला तर उचला.

त्याची गादी दारापासून आणि चार वर्षांच्या मुलीपासून लांब, भिंतीच्या बाजूला घ्या. पंख्याचा एकसुरी आवाज असला की बाकीची मुलं सहसा उठत नाहीत.

कवडसा

झोपेसाठी असा एकसुरी आवाज करणारं यंत्र वापरणार असाल तर बाळापासून किमान दोन मीटर लांब आणि आवाज कमीत कमी. २०१४ मध्ये अशा यंत्रांची मोजणी झाली होती, पूर्ण आवाजात दोन मीटरवरूनही जवळपास सगळी यंत्रं ५० डेसिबलच्या वर गेली. इस्पितळात नवजात बाळांच्या कक्षासाठी शिफारस केलेली मर्यादा तेवढीच आहे. सगळे झोपले की बंद करा.

निळीछत्री

आमच्या ओळखीत एकीने सांगितलं की प्रवासात वगैरे सर्दीचं औषध अर्धा चमचा दिलं की मूल शांत झोपतं. एक पालक पाळणाघरातही तसं देऊन पाठवतात म्हणे. हे चालतं का?

कवडसा

नाही. कधीही नाही, अर्धा चमचाही नाही. अशा औषधांनी येते ती गुंगी, आणि त्या गुंगीत लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो. काही मुलांवर उलटा परिणाम होऊन ती तासन्‌तास थैमान घालतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच दोन वर्षांच्या आतल्या मुलांना दुकानातून सहज मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत अशी सूचना काढली. पाळणाघरात औषध फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आजारासाठी, वेळ आणि मात्रा लिहून. कुणी झोपेसाठी बाटली दिली तर ती दारातच परत करा.

चिमणघर

थोडं कळवायला आलेय. सकाळी उठायची वेळ दारात विचारून भिंतीवरच्या पाटीवर लिहायला लागले. मावशी आता ती पाटी बघूनच सांगतात, 'हा दीडच्या आत येईल झोपेला.' जेवण सव्वाअकराला आणलं. पंधरा महिन्यांची अजून अधूनमधून सकाळी झोपते, पण ताटावर पेंगणं थांबलंय. अडीच वर्षांच्याच्या आईशी अर्ध्या तासाऐवजी 'दोनला उठवते' असं ठरलं. ती म्हणाली, रात्री साडेनऊपर्यंत झोपायला लागलाय. तिला आणखी लवकर हवंय, पण बरं वाटलं तिला.

धाकटी अजून उताणी ठेवताना रडते. मी छातीवर हात ठेवून बसते. कधी कधी दुसऱ्या हाताने अडीच वर्षांच्याला थोपटत असते, दोघांच्या मधे, आणि दोन्ही हातांचा ताल एकच ठेवावा लागतो, नाहीतर दोघांनाही कळतं!

आता अडचण सोमवारची. सुट्टीच्या दोन दिवसांत घरी सगळी उशिरा उठतात, उशिरा झोपतात, आणि सोमवारी पाटीवर काहीच्या काही वेळा येतात.

साखरझोप

सोमवार सगळ्यांकडे तसाच. पालकांना सुट्टीत सगळं वेळापत्रक पाळा असं सांगू नका, जमत नाही आणि अपराधी वाटतं. एकच मागा: सकाळी उठायची वेळ अर्ध्या तासापेक्षा जास्त सरकवू नका. बाकी काही झालं तरी चालेल.

अंगणवेल

आणि सोमवारी नवीन काही करू नका. बाहेर नेणं, रंगकाम, नवीन खेळणं, सगळं मंगळवारवर. जेवण पंधरा मिनिटं आधी, दुपारची झोप वीस मिनिटं आधी. दोनला उठवायचंय त्याला त्या दिवशी सव्वादोन चालतील, फक्त त्याच्या आईला चिठ्ठीत तसं लिहा.

चिमणघर

अडीच वर्षांच्याला उठवायचं कसं तेही सांगा. दोनला हाक मारली की रडतच उठतो.

अंगणवेल

हाक मारू नका. पावणेदोनला त्याच्या बाजूचा पडदा अर्धा सरकवा. पाच मिनिटांनी पांघरूण कमरेपर्यंत खाली घ्या, पाठीवरून हात फिरवा. कूस बदलली की समजायचं हलक्या झोपेत आला, मग नाव घ्या. गाढ झोपेतून ओढलेलं मूल अर्धा तास रडतं, हलक्या झोपेतून उठलेलं पाणी मागतं. दोनला कूस बदललीच नाही तर दहा मिनिटं थांबा.